मधल्या खोलीतला खोकला

१

जानेवारीत आयर्लंडातल्या लिक्सलिपला दिवस कसला, नुसतं नाव. जेवणाची भांडी विसळून होतात न होतात तोच बाहेर काळोख. पण सुलक्षणाबाईंचा नेम काही चुकायचा नाही. दिवेलागण झाली की देवापुढे निरांजन लावायचं, लक्ष्मी यायच्या वेळी दार बंद नसावं म्हणून पुढचं दार हातभर उघडायचं, आणि मग आलं-तुळस-मिरीचा काढा उकळायला ठेवायचा. "आई, सगळी ऊब बाहेर जाते गं," असं त्यांचा मुलगा शैलेंद्र रोज म्हणायचा आणि त्या रोज "जाऊ दे नं बापा" म्हणायच्या.

बाई आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, मागच्या फेब्रुवारीत. परत जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं, तारीखसुद्धा ठरली होती. मग करोना आला, विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचं वर्ष होत आलं. विमानं पुन्हा सुरू झाली तोवर त्यांच्या डोळ्यांपुढे इतकं धुकं दाटलं होतं की त्यांना एकटीला धाडायची कुणाची छाती होईना. आता त्या घरात हातांच्या आणि कानांच्या भरवशावर वावरायच्या. भिंतीवरून बोटं फिरवत स्वयंपाकघरातून जिन्यापाशी, जिन्यापासून पुढच्या दारापाशी. कुठे अडखळणं नाही की धडपडणं नाही.

त्या दिवशी काढा गाळता गाळता त्या सुनेला म्हणाल्या, "अनू, त्या मधल्या खोलीचं दार लावून घेजो वं. लय गार हवा येऊन राहिली."

अनुयाला हसूच आलं. या घरात मधली खोली नव्हतीच. खाली पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, दोन्हींना जोडणारा बोळ आणि त्या बोळातून वर जाणारा जिना. जिन्याखाली एक प्रेस, म्हणजे कपाट. आयर्लंडात कपाटाला प्रेसच म्हणतात. त्यात व्हॅक्यूम, तांदळाची पोती आणि दिवाळीच्या माळा. संपलं घर. सासूबाईंचं परतवाड्याचं घर मात्र आगगाडीच्या डब्यांसारखं, बैठक, माजघर, स्वयंपाकघर, सगळं एका ओळीत. सगळ्या संसाराची सवय ती, अशी जाते थोडीच.

"लावते हं, आई," अनुया म्हणाली. नसलेलं दार लावायला काय जातंय!

२

अनुया पुण्याची, शिकलेली आर्किटेक्ट. नवऱ्यामागून इकडे आली आणि बरेच दिवस नुसती घरी बसली. मग डब्लिनमधल्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं, घरी बसून करायचं, आणि तेही असं की घरात कुणाला सांगायची सोय नाही. एक देश होता. त्याचं नाव घ्यायचं नाही अशी अट होती आणि अनुया ती पाळत होती. तिथे वर्षानुवर्षं वर्दीवाल्यांचं राज्य होतं. ते एकदाचं पडलं, नवं सरकार आलं आणि खरं काय घडलं ते शोधायला आयोग बसला. वर्दीवाले माणसं उचलून एका साध्या दुमजली घरात डांबायचे. डोळ्यांवर पट्टी, सुटका होईपर्यंत काढायची नाही. वाचून बाहेर आलेल्यांनी ते घर कधी पाहिलंच नव्हतं. ऐकलं मात्र सगळं होतं.

तर अनुयाचं काम हे, की ऐकलेलं घर कॉम्प्युटरवर उभं करायचं. साक्षीदार व्हिडिओवर यायचे, सोबत इंग्रजी करून सांगणारा दुभाषी. नळ कुठल्या बाजूला गळायचा? बूट लाकडावर वाजायचे की फरशीवर? अनुया त्याप्रमाणे भिंत सरकवायची आणि मग त्या भिंतींमध्ये पावलं कशी वाजतील ते त्यांना ऐकवायची. ते डोळे मिटून ऐकायचे. "जवळ. अजून जवळ. हां, इथे." आणि पुष्कळदा रडायचे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या अशा एकेक करून उभ्या राहिल्या होत्या.

राहिली होती एक बाई. तिचं खरं नाव अनुयालाही कळू दिलेलं नव्हतं. मनातल्या मनात ती तिला बेकरीवाली म्हणायची, कारण वर्दीवाल्यांनी तिला खाली स्वयंपाकघरात ठेवून, पट्टीसकट, आपल्या पावाचं पीठ मळायला लावलं होतं. तिच्या भावालाही तिच्याबरोबरच उचललं होतं. त्याला कुठे ठेवलं होतं?

"मधल्या खोलीत," बेकरीवाली म्हणाली. "स्वयंपाकघर आणि जिना, त्यांच्या मध्ये. तो खोकायचा. दोनदा तोकडं, मग एकदा लांब. लहानपणापासून तसाच. आणि पाणी पिऊन झालं की पेला भिंतीला टेकवायचा. टक्. मला कळावं म्हणून, की अजून आहे."

मग एके दिवशी खोकला थांबला. त्याच दिवशी त्या बाजूला संध्याकाळपर्यंत गवंड्याची थापी वाजत होती. जुन्या सरकारने सांगितलं, भाऊ देश सोडून पळून गेला. आजही सरकारदरबारी तो पळालेलाच आहे.

मधली खोली म्हटल्यावर अनुयाचा माउसवरचा हात क्षणभर थांबला. मग तिने स्वतःलाच दटावलं. मधली खोली काय, जगातल्या निम्म्या घरांना असते.

३

डेक्लन तिचा साहेब. माणूस वाईट नाही, आणि तीच तर पंचाईत. वाईट असता तर निदान तोंडभर भांडता आलं असतं.

"तिथे भिंत आहे, अनुया," तो व्हिडिओवर म्हणाला. "नव्या सरकारने मोजणी केली, सलग भिंत. खोली नाही."

"भिंत नंतर बांधली. ती सांगतेय ना, थापी ऐकली म्हणून? पाडून बघा म्हणावं."

"खोली होती असं दुसरं कुणी म्हणालं तर आयोग लगेच पाडेल. एवढंच हवंय त्यांना, दुसरी साक्ष."

"दुसरं कोण म्हणणार? बाकीचे सगळे वरच्या मजल्यावर होते. खाली ही एकटी!"

"तेच म्हणतोय मी. एकटीचं म्हणणं, त्यात मोजणीशी जुळत नाही. ते आपण ठेवलं तर जुन्या वर्दीवाल्यांचे वकील सगळं घरच खोटं ठरवतील, वरच्या खोल्यांसकट. बाकीच्यांच्या साक्षी पाण्यात. शुक्रवारी द्यायचंय. ती खोली काढून टाक, बाकी सगळं ग्रँड आहे."

म्हणजे बघा, खोली दिसत नाही म्हणून भिंत पाडायची नाही, आणि भिंत पाडायची नाही म्हणून खोली दिसायची नाही. संतापाने डोकं भिंतीवर आपटून घ्यावं म्हटलं तर तीही त्यांच्याच मोजणीतली! अनुयाने लॅपटॉप धाडकन मिटला. शैलेंद्र घरी आल्यावर, देशाबिशाचं नाव न घेता, तिने त्याच्यापुढे सगळी भडास काढली. त्याने शांतपणे वरणभात कालवला आणि म्हणाला, "अगं, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? सांगितलंय तेवढं करायचं नं." नवऱ्यांना हे वाक्य कोण शिकवतं कोण जाणे.

४

बुधवारी शैलेंद्र पहाटेच कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात पाळीवर गेला. घरी सासू-सून दोघीच. संध्याकाळी ओट्यावर काढ्याचे पेले मात्र तीन.

"आई, तिसरा कुणाला?"

"शैलूले. मधल्या खोलीत निजला हाय नं थो. कवाचा खोकून राहिला."

यालाही कारण होतं म्हणा. दिवाळीच्या सुमारास शैलेंद्रबरोबर काम करणाऱ्या एकाला करोना निघाला, तेव्हा तो वरच्या लहान खोलीत कोंडून घेऊन राहिला होता आणि आई रोज दाराबाहेर काढा ठेवायच्या. तेच डोक्यात राहिलं असणार.

"शैलू कामावर गेलाय, आई."

"मंग कोन खोकून राहिलं वं?"

"शेजारचे असतील. त्यांची आपली भिंत एकच आहे ना." असं बोलून गेली आणि अनुया थबकली. शेजाऱ्यांची भिंत बैठकीच्या बाजूला होती. जिन्याच्या बाजूला नुसती बाग, आणि तिथे या थंडीत चिटपाखरू नव्हतं.

"कोनी का असेना," सासूबाई पेला पुसत म्हणाल्या, "पिते बिचारा मुकाट्यानं. पिऊन झालं की गिलास भितीले टेकवते. टक् करून. शहाणा पोट्टा हाय."

अनुयाच्या हातातली गाळणी सिंकमध्ये पडली.

भावाचं आणि पेल्याचं तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, शैलेंद्रलाही नाही. कामाच्या वेळी कानात हेडफोन असायचे. एखाद्या दिवशी ते नीट लागले नसतील, आवाज बाहेर आला असेल, आईंच्या कानावर पडला असेल. ठीक आहे. पण दुभाषी बोलायचा इंग्रजी, आणि आईंचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे गेलं नव्हतं. ती बोळात गेली. प्रेसच्या दाराशी, जमिनीवर, स्टीलचा पेला होता. त्यावर सासूबाईंच्या लग्नात कोरलेलं नाव, सौ. सुलक्षणा. आत तळाला आल्याचा गाळ तेवढा उरलेला.

आईच पीत असतील आणि विसरत असतील, अनुया स्वतःशी म्हणाली. वय झालंय.

५

एखादी खोली जुळेना की अनुया डोळ्यांवर ओढणी बांधून आपल्याच घरात चालायची, टाळ्या वाजवायची, डोळे नसले की कान कुठली चूक करतो ते बघायची. कामाचीच रीत होती ती. गुरुवारी भरदुपारी, सासूबाई वर आडव्या झाल्या असताना, तिने ओढणी बांधली. या खेपेला मात्र चूक निघावी अशीच तिची इच्छा होती. बेकरीवालीचा कान चुकला असेल, आईंचाही चुकला असेल, म्हणजे खोली काढून टाकायला आपण मोकळ्या.

स्वयंपाकघराच्या दारातून ती निघाली. डावा हात भिंतीला. आधी रेडिएटरची ऊब, मग प्रेसची मूठ, मग जिन्याचा कठडा, असा क्रम. तिने टाळी वाजवली. त्या बोळात टाळी कोरडी वाजते आणि जागच्या जागी विरते. आजची उशिरा परत आली, आणि आली ती मोठ्या जागेतून.

रेडिएटर हाताला लागला. त्याच्या पुढे तिने हात टेकवला, तर तिथे टेकवायला काही नव्हतं.

हात गारठ्यात गेला. ओल्या चुन्याचा वास आला. मोज्यांखाली लाकडाची जमीन हवी होती, तिथे खरखरीत, गार सिमेंट. आणि कुणाचा तरी श्वास. आपलाच आहे, तिने स्वतःला बजावलं, आणि खात्री करायला आपला श्वास रोखून धरला. तो चालूच राहिला.

सगळे साक्षीदार एक गोष्ट सांगायचे, की पट्टीच्या खालच्या कडेतून, नाकाशेजारून, जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसायची. बाकी घर काळं, तेवढी पट्टी फक्त आपली. अनुयाची ओढणी जराशी वर सरकली होती. तिला दिसले ते पाय. अनवाणी, टाचा मागच्या भिंतीला घट्ट लावलेल्या, बोटांवर वाळलेला चुना. आणि त्या पायांशेजारी सिमेंटवर, नाव कोरलेला स्टीलचा पेला.

तिने ओढणी ओरबाडून काढली. समोर भिंत. प्रेसची मूठ तिच्या मुठीत. बोळात दुपारचा पांढरा उजेड पडलेला आणि बाहेर कुणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं. तिने प्रेस उघडून व्हॅक्यूम, पोती, माळा सगळं बाहेर काढलं. मागे साधी पांढरी फळी होती. कामाचा ताण, झोप नाही, दुसरं काय, असं ती मोठ्याने म्हणाली.

मोजे मात्र ओले होते. आणि मांडणीवर पेला एक कमी होता.

६

शुक्रवारी सकाळी तिने डेक्लनला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला.

"समज, दुसरी साक्ष मिळाली तर?"

तो एकदम सावरून बसला. "कुणाची? त्या घरात होतं कुणी?"

काय सांगणार? माझ्या सासूबाईंची, ज्या त्या देशात कधी गेल्या नाहीत, ज्यांना धड दिसत नाही, ज्या लिक्सलिपच्या माझ्या घरात त्याला रोज काढा पाजतात? वर्षभर शोधून न मिळालेली साक्ष तिच्या घरात हाताशी होती आणि तिचा उपयोग काडीचा नव्हता. तिला रडू फुटेल असं वाटलं, इतकी चीड आली.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

"मग काढ, अनुया. बाकीच्यांचा विचार कर. आणि नीट बघून पाठव, एकदा गेलं की कुलूप, मग मलाही हात लावता येत नाही."

बेकरीवालीने दुभाष्याकडून एकच विचारायला सांगितलं होतं, माझ्या भावाची खोली राहणार ना? त्याला उत्तर द्यायचं राहिलंच होतं.

दिवसभर ती स्क्रीनपुढे बसून होती. दुपार कलायला लागली तसा बोळातून खोकला आला. दोनदा तोकडा, मग एकदा लांब. आता तिलाही डोळे उघडे ठेवून ऐकू येत होता. तिने हेडफोन घट्ट दाबले. बाकीच्यांसाठी करतेय, वरच्या मजल्यावरच्यांसाठी, असं तिने स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर तिला तो खोकला घरातून घालवायचा होता, इतकी ती भ्यायली होती. तिने मधली खोली निवडली आणि काढून टाकली. दोन्ही बाजूंच्या भिंती सरकून एक झाल्या. मोजणीत होती तशी, सलग. तिने घर पाठवून दिलं. कुलूप लागल्याची खूण पडद्यावर आली.

हेडफोन काढून तिने कानोसा घेतला. खोकला थांबला होता. घर शांत. तिला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

मग वास आला. काढा उतू जाऊन करपत होता.

७

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तिने पातेलं उतरवलं. देवापुढे निरांजन तेवत होतं, पुढचं दार हातभर उघडं होतं, म्हणजे सगळा नेम पार पडला होता.

"आई?"

वर नाहीत, न्हाणीघरात नाहीत. बाहेर रस्ता दिव्याखाली ओला आणि रिकामा. त्यांच्या चपला दाराशी होत्या, कोट खुंटीला होता. आणि दिसत नसताना कोट न घालता त्या बाहेर जाणाऱ्यातल्या नव्हेत. मांडणीवर आता पेले दोन कमी होते.

बोळात, रेडिएटर आणि प्रेस यांच्या मध्ये, सासूबाईंच्या घरात घालायच्या सपाता होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या, पुढची टोकं भिंतीकडे. आजाऱ्याच्या खोलीत जाताना बाहेर काढतात तशा.

शैलेंद्रचा फोन लागेना. पाळीवर असला की त्याचा फोन लॉकरमध्ये. तिने डेक्लनला लावला.

"खोली परत घाल. आत्ताच्या आत्ता. कुलूप काढ!"

"अनुया? काय झालं?"

"ती खोली आहे तिथे. मी सांगतेय, आहे. परत घाल!"

"ते गेलं आता आयोगाकडे. माझ्या हातात नाही. आणि शेवटी तूच काढलीस ना? शांत हो. सोमवारी बघू."

सोमवारी! तिने फोन भिरकावला. ओढणी खुर्चीवर होती. ती तिने डोळ्यांवर करकचून बांधली आणि भिंतीला हात लावून चालायला लागली. रेडिएटर, मग भिंत, मग मूठ, मग कठडा. उलटी आली. कठडा, मूठ, भिंत, रेडिएटर. टाळी वाजवली, ती कोरडी वाजली आणि जागच्या जागी विरली. तिने दोन्ही मुठींनी भिंत बडवली. "आई! आई, हाताने चाचपत या हो, माझ्या आवाजाकडे या!" भिंत भरीव होती, सगळीकडे सारखीच भरीव, मोजून बघितल्यासारखी.

शेवटी दमून तिने तिथेच कान टेकवला. आत बराच वेळ काही नव्हतं. मग, अगदी तिच्या कानाशी, टक्. आणि त्यानंतर जरा चाचपडत, सवय नसलेल्या हातांनी, दुसरं एक टक्.

"अनू," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता, नेहमीसारखा जरा वैतागलेला होता. "दार काहून लावलं वं? आमचं पिऊन झालं."